डब्याच्या काळ्या काचा

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. माझी शाळा तिसरीपर्यंत झाली, त्यामुळं लिहिण्यात काही चुकलं तर चुकलं. पण कामाचं विचाराल तर काचेवर काळी फिलिम चढवणारा माणूस त्या वेळी सांगलीत मी एकटा होतो. दुसरा कोणी असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं. इतकी वर्षं झाली, अजून कोणी आलेलं नाही.

गाड्यांच्या बॉड्या बांधायच्या एका कारखान्यात मी काचा बसवायला होतो. फिलिम नवीनच निघाली होती. आमच्या शेठनं मला आठ दिवस मुंबईला पाठवलं, एका गॅरेजात उभं राहून मी ती बघितली आणि शिकलो. काम दिसायला सोपं आहे. काचेपेक्षा बोटभर मोठा तुकडा कापायचा. काच साबणाच्या पाण्यानं ओली करायची. फिलिमच्या पाठीवरचा पातळ कागद सोलायचा, तीही ओली करायची आणि काचेच्या आतल्या बाजूनं लावायची. मग रबराच्या पट्टीनं मधून कडेला पाणी ढकलत न्यायचं आणि शेवटी पात्यानं कडा कापायच्या. एवढंच. पण पाण्यात मातीचा एक कण असला तरी तो आत अडकतो आणि त्याच्याभोवती बुडबुडा धरतो. तो मग जन्मभर तिथंच. म्हणून या कामात हातापेक्षा पाणी मोठं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं पाण्यावरूनच झालं.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले असतील. शेठ म्हणाला, "तुझ्याच गावात काम आलंय रं. जा, चार दिवस आईच्या हातचं खाऊन ये."

विट्यापासून पाचसहा मैलांवर माझं गाव. त्या भागातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून बसलेली असतात, तसा आमच्या गावातला एक मालक तिकडं दक्षिणेत होता. तिथल्या कुठल्याशा परदेशी इंजिनिअरनं मायदेशी परत जाताना आपला ट्रेलर विकला, तो यानं घेतला आणि जीपला जोडून गावापर्यंत आणला. ऊस वाहायचा ट्रेलर नव्हे. चाकावरची खोलीच ती. दोन बाकं, एक मोरी, भिंतीला लावलेली कपाटं, छताला वर उघडणारी झडप आणि सहा खिडक्या. गाव त्याला डबा म्हणायचं. पोरंसोरं दिवसभर काचेला नाक लावून उभी असायची, आणि खरी अडचण तीच होती. मालकाला त्या डब्यातून घरच्या बायकांना म्हसवडच्या यात्रेला न्यायचं होतं. त्या घरच्या बायका परक्या पुरुषासमोर येत नसत. सहा खिडक्यांच्या डब्यात त्यांना बसवायचं म्हणजे दुकानात मांडून ठेवल्यासारखं. म्हणून मालकाला काळ्या काचा हव्या होत्या. आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं दिसू नये.

आता आमचं सांगतो. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. छप्पन साली आमच्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. त्याच साली वस्तीनं गावकीची कामं सोडली. मेलेली जनावरं ओढणं सोडलं, सांगावे पोचवणं सोडलं, मालक लोकांच्या दारात लग्नकार्याची लाकडं फोडणं सोडलं. वस्तीत सगळ्यात आधी सोडलं ते माझ्या वडिलांनी. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. गावानं दोन वर्षं कामाला बोलावलं नाही. आबा रोज सात मैल चालत खडी फोडायला गेले, पण त्या दारात कुऱ्हाड घेऊन परत गेले नाहीत. मी सांगलीत कारखान्यात ताठ मानेनं फिरायचो ते या एका गोष्टीवर. दुसऱ्यांच्या बापांकडं जमिनी होत्या. माझ्या बापाकडं हे होतं.

पहिल्या दिवशी सकाळी मी मालकाच्या अंगणात गेलो. डबा परसाच्या भिंतीशी, माणूस जाईल एवढी फट सोडून उभा होता, दार भिंतीकडं, तीन खिडक्या अंगणाकडं. मी साबण, रबराची पट्टी, डासांवर औषध मारायचा हातपंप असं सगळं मांडलं आणि गड्याला पाणी मागितलं. अंगणात दगडी हौद होता, गोड्या पाण्याचा. गड्यानं हौदातनं घागर भरली, माझी बादली लांब मातीत ठेवायला लावली आणि कमरेइतक्या उंचीवरून धार सोडली.

मी म्हणालो, "गड्या, खाली वाकून ओत. माती उडतीय."

"असंच ओतत्यात तुमास्नी."

"मला न्हाई, काचेला ओतायचं हाय."

तो हसला आणि तसंच ओतत राहिला. मी त्या पाण्यानं पहिली खिडकी केली. सुकल्यावर बघितलं तर काचेवर देवी आल्यासारखे कण. मी ती फिलिम सोलून टाकली. वाया गेली. मग पंप खाली ठेवला आणि मालकाला निरोप पाठवला, की पाणी मी माझ्या हातानं हौदातनं घेणार, जमत नसेल तर काम बंद.

मालक बाहेर आला. चाळिशीचा, अंगात मलमलचा सदरा, बोटांत अंगठ्या.

"काय रं, काय म्हंतोस?"

"पाण्यात माती येतीय मालक. हौदातनं मी घेतो."

"हौद घरच्या वापराचा हाय."

"म्हंजे स्वच्छ असणार. तसंच पाणी पायजे मला."

"लय बोलाय शिकलास सांगलीला जाऊन. तुझ्या शेठला फोन लावू का?"

"लावा. शेठला ही फिलिम येत असती तर त्यो सोताच आला असता."

गडी तोंड फिरवून हसला. मालक हसला नाही. आत निघून गेला. मी अंगणातल्या लिंबाखाली पाय पसरून बसलो. दुपार झाली, दुपार टळली. कोणी आलं नाही. संध्याकाळी सामान आवरून मी वस्तीवर आलो.

मी लोकांना नेहमी सांगत आलो, की मी कामासाठी भांडलो. ते अर्धंच खरं आहे. फडक्यातून गाळून घेतलं असतं तर त्या पाण्यानंही काम निभलं असतं. मला ते माहीत होतं.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. आई चुलीपुढं होती. ती म्हणाली, "मालक लोकांशी कशाला वाकडं घेतोस? आमास्नी हितं ऱ्हायचं असतंय."

 आबा जेवून उठले, पटका गुंडाळला आणि "जरा येतो" म्हणून बाहेर गेले. म्हातारा माणूस, जेवणानंतर चार घरी बसायची सवय. मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात पोचलो तर मालक ओट्यावरच उभा.

"घे बाबा हौदातनं. तांब्या बुडीव न्हाईतर हात बुडीव. पर डबा वेळंत दे."

मी हौदापाशी गेलो आणि बादली बुडवली. त्या पाण्याचा गारवा अजून सांगू शकतो. आमच्यातल्या माणसानं त्या हौदात हात घातल्याचं गावात कोणी बघितलं नव्हतं. माडीच्या खिडकीतून बायका बघत होत्या, गडी तोंड वासून उभा होता. त्या दिवशी मी तीन खिडक्या केल्या, अंगणाकडच्या तिन्ही. एक बुडबुडा नाही, एक कण नाही. मालकानं बाहेर उभं राहून काचेत स्वतःची मिशी बघितली आणि मान हलवली.

संध्याकाळी मी वस्तीवर थेट घरी गेलो नाही. समाजमंदिराच्या कट्ट्यावर बसून दिवे लागेपर्यंत तीच गोष्ट चारचारदा सांगितली. पोरांनी पाठीवर थापा मारल्या. घरी आलो तेव्हा आबा नुकतेच हातपाय धूत होते. त्यांनाही सांगितलं, मीठमसाला लावून. आणि शेवटी म्हणालो, "आबा, तुमी नुस्तं काम सोडलं. मी पाणी घेतलं. तुमच्या येळंला जमलं न्हाई ते."

आबा भाकरी मोडत म्हणाले, "बरं झालं."

एवढंच म्हणाले. मी जेवलो आणि गाढ झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर कडा कापायची पाती बोथट झालेली. मी घरात सांगितलं, की पाती आणायला विट्याला जातो, दुपारच्या गाडीनं येईन, तसाच कामावर जाईन. पण एसटीच्या थांब्यावर गावातल्या न्हाव्याच्या दुकानात सहज विचारलं तर त्याच्याकडं दाढीची नवी पाती निघाली. विट्याचा हेलपाटा वाचला. मी परसाकडच्या बोळातून आलो, भिंतीकडच्या दारानं डब्यात शिरलो आणि आदल्या दिवशीच्या काचांच्या राहिलेल्या कडा कापायला बसलो. अंगणातून मला कोणी बघितलं नाही. बघणार तरी कसं?

थोड्या वेळानं लाकूड फोडल्याचा आवाज यायला लागला. अंगणाच्या टोकाला दोन गाड्या बाभळीचं लाकूड पडलेलं मी आल्यापासून बघत होतो. मालकाच्या बहिणीचं लग्न यात्रेनंतर होतं, त्याची ती तयारी. मी मान वर केली.

काळ्या काचेतून आबा दिसले.

डोक्याचा पटका काढून त्यांनी कमरेला बांधला होता. पाय अनवाणी. पासष्टीला टेकलेला माणूस, एका बाजूला अंतर्गळ उतरलेला, दर घावाला एक हात पोटावर दाबून धरत होता. कुऱ्हाड आमच्या घरचीच. मी ती आढ्याला अडकवलेली लहानपणापासून बघितलेली.

मालक ओट्यावरून उतरून त्यांच्याजवळ आला. छताची झडप वाऱ्यासाठी मी उघडी ठेवली होती, तिच्यातून शब्दन् शब्द आत येत होता.

"दमानं रं म्हाताऱ्या. मरशील माझ्या दारात."

"न्हाई मालक. येवडं उरकतो. पोरगं दुपारपतोर येणार न्हाई."

"पोराला सांगितलं न्हाईस व्हय अजून?"

"न्हाई. तुमीबी बोलू नगा, तेवडं पाळा."

"मी कशाला बोलतोय! पर काय म्हण, बावीस वर्सांनी तुमची कुऱ्हाड आमच्या दारात आली. आमचा म्हातारा असता तर साखर वाटली असती त्यानं."

आबा नुसते वाकून ढलप्या गोळा करत होते.

"तुझं पोरगं लय ताठ हाय," मालक म्हणाला.

"ताठ हाय. काम चांगलं करतंय पर. तेवडं पाण्याचं तुमी ऐकलं, उपकार झालं. काम अर्ध्यात मोडून गेला असता तर शेठनं ठेवला असता का त्याला?"

"तू रातच्याला आलास म्हणून ऐकलं. न्हाईतर हौदाला हात लावू दिला असता व्हय? आन ह्या काचा झाल्या की हौद उपसून घेनार हाय म्या, ते येगळं."

"व्हय जी," आबा म्हणाले.

हे 'जी' मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. किंवा आठ वर्षांचा होईपर्यंत ऐकलं असेल, विसरलो असेन.

आता जे लिहितो ते माझ्या पोरांनाही सांगितलेलं नाही. मी बाहेर आलो नाही. दार दोन पावलांवर होतं. बाहेर येऊन कुऱ्हाड हातातून घ्यायची, मालकाच्या अंगावर बादली उलटी करायची, असलं सगळं मनात येऊन गेलं. पण मी पात्यानं काचेची कड कापत बसलो. बाहेर गेलो असतो तर आबांना माझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती, म्हणून गेलो नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तसं नव्हतं. बाहेर गेलो असतो तर गड्याला, माडीवरच्या बायकांना, सगळ्यांना कळलं असतं की त्या हौदात माझा हात कसा गेला. मला ते नको होतं. बाप पोट दाबून लाकडं फोडत होता आणि मी माझी अब्रू सांभाळत होतो. एका काळ्या काचेआड.

मध्ये एकदा आबा डब्याजवळ आले. काचेपुढं थांबले. बहुतेक माझं काम बघायला. काचेवरून त्यांनी एक बोट फिरवलं, कण लागतो का ते बघितल्यासारखं. मग स्वतःचं तोंड दिसलं असेल, पदरानं पुसावं तसं पटक्याच्या टोकानं ते पुसलं आणि परत गेले. मी आत पातं काचेपासून उचलून धरलं होतं.

दुपारी ते गेल्यावर मी बोळातून बाहेर पडलो, गावाला वळसा घातला आणि विट्याहून आल्यासारखा पुढच्या दारानं अंगणात आलो. असा मी होतो. उरलेल्या तीन खिडक्यांतल्या दोन केल्या. पाणी हौदातनंच घेतलं. दुसरीकडून आणायची बुद्धी झाली नाही.

संध्याकाळी घरी आलो. आबा भिंतीला टेकून बसले होते, आई त्यांच्या पोटाला गरम फडकं धरत होती. मला बघून तिनं फडकं पदराखाली घेतलं.

मी म्हणालो, "कशाला झाकतीस? बघितलंय मी सगळं."

"काय बघितलंस?" आबांनी विचारलं.

"डब्यात होतो मी. तुमी लाकडं फोडत हुता."

आबा भिंतीपासून सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "विट्याला गेलता न्हवं?"

"मी तुमाला सांगितलं हुतं का त्याच्या दारात जायाला?"

"न्हाई."

"मग? बावीस वर्सं सोडलेलं काम. वस्तीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुमी मला."

"कुणी बघितलंय वस्तीतलं? रातचं ठरलं, तू नसताना फोडली. तूच बघितलंस." मग त्यांचाही आवाज चढला. "तुला पाणी पायजे हुतं. मिळालं. तू कट्ट्यावर बसून गाव गोळा केलास. मी काय बोललो का?"

"असलं पाणी नको हुतं मला!"

"मग सोडून जायाचं हुतंस पयल्याच दिवशी, सांगलीला. लिंबाखाली कशाला बसलास? कुणीतरी येऊन मिटवंल म्हणूनच बसलास न्हवं?"

 

आई मध्ये पडली. "झालं ते झालं. उद्या नका जाऊ म्हंजे मिटलं."

"जाणार," आबा म्हणाले. "अर्धी गाडी ऱ्हायलीय. शब्द दिलाय."

"त्याला दिलेला शब्द मोडला म्हणून काय आभाळ पडतंय?" मी म्हणालो.

"त्याला न्हाई रं. मी दिलाय."

एवढं बोलून ते कूस बदलून आडवे झाले. कूस बदलताना दातावर दात धरले ते मला दिसलं. आईनं दोनदा हाक मारली तरी जेवायला उठले नाहीत. मीही जेवलो नाही. ते जेवले नाहीत म्हणून नव्हे. त्यांच्याआधी ताटावर बसलो तर हरलो असं वाटेल, म्हणून. त्या वयातही आमच्यात हे चालायचं.

माझा हट्ट त्यांच्याकडूनच आलेला, त्यामुळं पुढचं मला कळत होतं. ते फुटक्या पोटानं जाणार, आणि मी किती बोललो तरी जाणार. त्यांना त्या अंगणातून बाहेर ठेवायची एकच वाट होती.

सकाळी उजाडायच्या आत मी उठलो. कुऱ्हाड दाराशी भिंतीला टेकवलेली होती, ती घेतली. आढ्याला तिची दोरी रिकामी लोंबत होती. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट घातला, खिशावर कारखान्याचं नाव असलेला. मुद्दाम घातला. आबा जागे होते की नाही ते मी बघितलं नाही. वस्तीतून जाताना दोघं-तिघं बाहेर निघाले होते. एकानं विचारलं, "आरं, कुऱ्हाड घिऊन कुठं?" मी म्हणालो, "मालकाची लाकडं फोडायला." तो थट्टा समजून हसला.

मालक चूळ भरत ओट्यावर उभा होता. मला बघितलं, कुऱ्हाड बघितली, आणि त्याच्या तोंडावर जे आलं ते मी इथं लिहीत नाही.

"म्हातारा न्हाई आला?"

"न्हाई येणार. पाणी मी वापरलंय."

"मला काय, लाकूड फुटल्याशी कारण," तो म्हणाला. आत जाता जाता त्यानं गड्याला सांगितलं, की याला जागा दाखव.

जागा मला माहीत होती. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या. लाकूड मी कधी फोडलं नव्हतं. पहिले आठ-दहा घाव वाकडे गेले आणि गडी उभ्या उभ्या बघत राहिला. मग पाय कुठं ठेवायचे ते कळलं. ऊन तापेपर्यंत मी ती अर्धी गाडी लाकडं फोडली, एकाला एक लावून भिंतीशी रचली, आणि ढलप्यासुद्धा वेचून दिल्या.